जिथे यंत्र थांबते, तिथे कर
परदेशी पाहुण्याच्या जुगारातील कमाईवरील करआकारणी : एक विवेचन

१. एक यंत्र, तीन हिशेब

अटलांटिक सिटी हे न्यू जर्सी राज्यातले समुद्रकाठचे शहर. १९७८ साली तिथे पहिला कॅसिनो उघडला आणि सहलीच्या बसगाड्यांची रीघ लागली. एडिसनमध्ये राहणारे एक मराठी कुटुंब शनिवारी तिथे गेले आहे, असे समजू. मुलगा एच-१बी व्हिसावर आठ वर्षे नोकरी करतो आहे. त्याचे बाबा पुण्याहून बी-२ व्हिसावर दोन महिन्यांसाठी आले आहेत. बाबांची भाची एफ-१ व्हिसावर एम.एस.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिघेही स्लॉट मशिनपुढे बसतात. बाबा शंभराची नोट आत सरकवतात आणि बटण दाबत राहतात. नव्वद डॉलर गेल्यावर एकदम दिवे लुकलुकतात, गाणे वाजते, पडद्यावर आकडा येतो : ३,००० डॉलर.

पैसे मात्र बाहेर येत नाहीत. पडदा गोठतो, बटणे बंद पडतात आणि कर्मचाऱ्याला बोलवा अशी सूचना झळकते. कर्मचारी येतो, हसून अभिनंदन करतो आणि ओळखपत्र मागतो. बाबा खिशातून निळा पासपोर्ट काढतात. थोड्या वेळाने त्यांच्या हातात पडतात २,१०० डॉलर. हाच जॅकपॉट मुलाला लागला असता तर त्याला माहितीचा एक कागद आणि पूर्ण ३,००० डॉलर मिळाले असते. भाचीला लागला असता तर बाबांसारखेच २,१००.

यंत्र तेच, बटण तेच, रक्कमही तीच. तरी हिशेब वेगळे. हे वेगळेपण कोणत्या तत्त्वावर उभे आहे, याचा शोध पुढे घेतला आहे. त्यातून निघणारे प्रतिपादन आधीच सांगून टाकतो. परदेशी पाहुण्यावरचा हा कर मुख्यतः वसुलीच्या सोयीने घडलेला आहे. तो माणसाच्या नफ्यामागे धावत नाही; रक्कम जिथे अडवता येते, तिथे उभा राहतो.

२. पाहुणा कोणाला म्हणायचे?

करकायद्याच्या दृष्टीने पाहुणेपण पासपोर्टवरून ठरत नाही, निवासावरून ठरते. अमेरिकेत ग्रीन कार्ड असलेला माणूस निवासी असतो. ते नसेल तर दिवस मोजतात. चालू वर्षात किमान ३१ दिवस मुक्काम हवा. शिवाय चालू वर्षाचे सगळे दिवस, गेल्या वर्षाच्या दिवसांचा एक तृतीयांश आणि त्याआधीच्या वर्षाच्या दिवसांचा एक षष्ठांश यांची बेरीज १८३ किंवा अधिक भरली पाहिजे. तशी भरली की माणूस निवासी.

आठ वर्षे तिथे असलेला मुलगा या मोजणीत सहज निवासी ठरतो. भाचीही वर्षभर तिथेच राहते. पण एफ-१ विद्यार्थ्यांचे दिवस साधारणपणे पहिली पाच वर्षे मोजलेच जात नाहीत. म्हणून भाडेकरार, बँक खाते, गाडीचा परवाना असे सगळे असूनही करापुरती ती पाहुणीच.

बाबांचे प्रकरण नाजूक आहे. नातवंडांसाठी दरवर्षी अमेरिकावारी करणाऱ्या आजी-आजोबांनी ही मोजणी एकदा तरी कागदावर मांडून पाहावी. दरवर्षी १२० दिवस राहिले तर १२० अधिक ४० अधिक २०, म्हणजे १८०, पाहुणेपण टिकले. दरवर्षी १५० दिवस राहिले तर १५० अधिक ५० अधिक २५, म्हणजे २२५. सकृद्दर्शनी ते निवासी झाले. चालू वर्षातला मुक्काम १८३ दिवसांपेक्षा कमी असेल आणि घरदार, बँक, नातेसंबंध यांचे केंद्र भारतातच असेल, तर ८८४० क्रमांकाचा फॉर्म भरून अनिवासी राहता येते. पण तो भरावा लागतो.

जुगारापुरते बोलायचे तर निवासी ठरणे हे संकट नसून सवलत आहे. ते कसे, हे चौथ्या भागात येईल.

३. कर कोणावर? तीन पद्धती

जुगाराच्या पैशातून राज्याने आपला वाटा घेण्याच्या ढोबळमानाने तीन पद्धती आहेत.

पहिली पद्धत अड्डा चालवणाऱ्यावर कर लावण्याची. ब्रिटनमध्ये खेळाडूच्या जिंकण्यावर आयकर नाही. १९२५ च्या ग्रॅहम विरुद्ध ग्रीन खटल्यात घोड्यांवर पैजा लावूनच पोट भरणाऱ्या माणसाची कमाईसुद्धा व्यवसायाचे उत्पन्न नाही, असे न्यायालयाने ठरवले. पैजेवरचा कर पूर्वी गिऱ्हाइकाच्या माथी पडत असे. २००१ मध्ये तो उठवून बुकींच्या नफ्यावर नेण्यात आला. मकावमध्ये २०२३ पासून कॅसिनोच्या एकूण जुगार-उत्पन्नातील सुमारे ४० टक्के सरकारजमा होतात, खेळाडूकडे मात्र कोणी काही मागत नाही. सिंगापूरमध्ये तर नेहमीचा क्रमच उलटा आहे. तिथल्या नागरिकाला आणि कायम रहिवाशाला कॅसिनोत शिरायलाच दिवसाला १५० सिंगापूर डॉलर मोजावे लागतात, परदेशी पाहुणा मात्र फुकट आत जातो. बाहेरचा माणूस हरायलाच येणार आहे आणि तो हरेल त्यातला वाटा कॅसिनोकडून मिळणारच आहे, तर दारात त्याला कशाला अडवायचे, असा हा सरळ व्यापारी विचार आहे.

दुसरी पद्धत खेळाडूच्या निव्वळ नफ्यावर कर लावण्याची : जिंकलेल्यातून हरलेले वजा करून उरेल त्यावर. तिसरी पद्धत खेळाडूच्या ठोक जिंकण्यावर कर लावण्याची : हरणे पाहायचेच नाही. अमेरिका आपल्या निवाशांना थोडीफार दुसरी पद्धत लावते आणि पाहुण्यांना तिसरी. भारत सगळ्यांनाच तिसरी लावतो.

४. अमेरिकेतले तीस टक्के

अमेरिकी करसंहितेच्या कलम ८७१ नुसार अनिवासी परदेशी माणसाच्या व्याज, लाभांश, भाडे अशा ठरावीक प्रकारच्या अमेरिकी उत्पन्नावर सरसकट ३० टक्के कर आहे. जुगारातील कमाई याच गोणीत पडते. खर्चाची वजावट नाही, उत्पन्नाचे टप्पे नाहीत. कर कापून घेण्याची जबाबदारी पैसे देणाऱ्यावर असते. कॅसिनोने ती चुकवली तर ती रक्कम त्यालाच भरावी लागते. त्यामुळे काउंटरवरचा माणूस या बाबतीत कितीही गोड बोलला तरी ढिला पडत नाही. कापलेल्या कराचा दाखला म्हणून पाहुण्याला १०४२-एस हा फॉर्म मिळतो.

आता निवाशाकडे पाहू. स्लॉट मशिनच्या जॅकपॉटमधून निवाशाचा कर सहसा कापला जात नाही. फक्त डब्ल्यू-२जी नावाच्या फॉर्मवर त्याची नोंद सरकारकडे जाते. या नोंदीची मर्यादा कित्येक वर्षे १,२०० डॉलर होती, २०२६ पासून ती २,००० झाली. निवासी माणूस वर्षअखेरीस विवरणपत्रात जिंकलेली रक्कम दाखवतो आणि तपशीलवार वजावटी घेत असेल तर जिंकलेल्या रकमेच्या मर्यादेत हरलेली रक्कम वजा करतो. २०२६ पासून हरलेल्यातले ९० टक्केच वजा होतात, म्हणजे त्यालाही थोडी झळ बसली आहे. तरी अशा वजावटी घेणाऱ्या, वर्षभरात २०,००० डॉलर जिंकून २०,००० हरलेल्या निवाशाचे करपात्र उत्पन्न फार तर २,००० डॉलर होईल. याच आकड्यांवर पाहुण्याचे करपात्र उत्पन्न पूर्ण २०,००० होऊ शकते आणि कर ६,०००. खिशात पै आलेली नसताना सहा हजार! निवासी ठरणे ही सवलत का, याचे उत्तर या आकड्यात आहे.

हा पंक्तिप्रपंच का? कायद्याच्या बाजूने दिले जाणारे उत्तर व्यवहारी आहे. निवासी माणूस पुढच्या वर्षीही तिथेच असतो. त्याचे विवरणपत्र तपासता येते, खोटे बोलला तर धरता येतो. पाहुणा परवा विमानात बसणार. त्याने किती गमावले हे त्याच्या सांगण्याखेरीज कशावरून कळायचे? म्हणून जे समोर दिसते त्यातूनच कापून घ्या आणि मोकळे व्हा.

५. पाच खेळांचा अपवाद

ही व्यवहारी भूमिका जिथे अडखळते ती जागा फार बोलकी आहे. त्याच कॅसिनोत, स्लॉट मशिनपासून वीस पावलांवर, हिरव्या बनातीच्या टेबलाशी बाबा उभे राहिले आणि ब्लॅकजॅकमध्ये ३,००० डॉलर जिंकले, तर त्यांच्याकडे कोणी कर मागणार नाही. कलम ८७१ च्या ‘जे’ पोटकलमात पाच खेळ नावानिशी सोडून दिले आहेत : ब्लॅकजॅक, बॅकरा, क्रॅप्स, रुलेट आणि बिग सिक्स व्हील. अमेरिकी संसदेने ही सूट १९८८ मध्ये दिली.

या पाचांत काय समान आहे? दोन पत्त्यांचे, एक फाशांचा आणि दोन फिरत्या चाकांचे. कौशल्याच्या कसोटीवर ते एका रांगेत बसत नाहीत : ब्लॅकजॅकमध्ये थोडे डोके चालते, रुलेटमध्ये अजिबात नाही. समान आहे ती देवाणघेवाणीची रीत. खेळाडू रोख देऊन चिप्स घेतो, टेबलावर मिनिटा-दोन मिनिटांनी डाव होतात, चिप्स जातात-येतात, तो दुसऱ्या टेबलावर जातो आणि शेवटी उरलेल्या चिप्स खिडकीवर देऊन रोख घेतो. खिडकीवर आलेल्या ५,००० डॉलरच्या चिप्समधले किती त्याने आणलेले आणि किती जिंकलेले, हे खिडकीपलीकडच्या माणसाला सांगता येत नाही. इथे कोणतेही यंत्र गोठत नाही.

प्रत्येक डावानंतर कर कापायचा म्हटले तर काय होईल, हे रुलेटवर करून पाहू. अमेरिकी चाकावर ३८ घरे असतात : १८ लाल, १८ काळी आणि दोन हिरवी शून्ये. लालवर दहा-दहा डॉलर शंभर वेळा लावले तर सरासरीने ४७ वेळा जिंकणार, ५३ वेळा हरणार. जिंकले ४७०, हरले ५३०. खेळाडू ६० डॉलर खड्ड्यात. ठोक जिंकण्यावर ३० टक्के म्हणजे १४१ डॉलर कर. साठ हरलेल्या माणसाकडून एकशे एकेचाळीस घ्यायचे! असा कर लावला तर परदेशी माणूस टेबलाकडे फिरकणार नाही आणि कॅसिनोकडून मिळणारा करही बुडेल. ठोक आकारणीतला मूळ दोष टेबलावर एका तासात उघडा पडतो. स्लॉट मशिनवर तो जॅकपॉटच्या झगमगाटात झाकला जातो.

संसदेने अपवाद करताना पुढे एक वाक्य जोडले आहे : कराची वसुली प्रशासकीयदृष्ट्या शक्य आहे असे अर्थमंत्र्यांनी नियमाद्वारे ठरवले, तर ही सूट लागू राहणार नाही. म्हणजे या पाच खेळांतील कमाई तत्त्वतः करमुक्त मानलेली नाही, ती हाताला लागत नाही म्हणून सोडली आहे. आरंभी मांडलेल्या प्रतिपादनाला इतका स्वच्छ पुरावा खुद्द कायद्यातच मिळतो.

अपवादाबाहेरचे खेळ पाहिले की तीच रेघ दुसऱ्या बाजूने दिसते. लॉटरीचा विजेता तिकीट घेऊन स्वतः कचेरीत येतो. केनो आणि बिंगोत क्रमांकाचा कागद असतो. पोकर स्पर्धेत कोणाला किती द्यायचे याची यादी आयोजकाच्या टेबलावर असते. या सगळ्यांवर कर आहे. पोकरपटू आपल्या खेळाला कौशल्याचा खेळ म्हणवून घेतात, त्याचा इथे उपयोग नाही. यादी आहे एवढे पुरते. उलट २००४ मध्ये परदेशात बसून अमेरिकी घोडदौडीच्या सामायिक पैजेत पैसे लावणाऱ्यांना सूट देण्यात आली. तो माणूस अमेरिकेच्या हाताबाहेर असतो आणि कर लावला तर पैसा दुसरीकडे वळवतो.

६. डाव म्हणजे किती? २०१३ चा निकाल

ठोक जिंकणे म्हणजे नेमके काय मोजायचे? प्रत्येक बटण हा एक डाव की अख्खी संध्याकाळ हा एक डाव? दक्षिण कोरियाच्या एका उद्योजकाने हा वाद न्यायालयात नेला. तो अमेरिकेत आला की स्लॉट मशिन खेळत असे. करखात्याने त्याची प्रत्येक जीत स्वतंत्र उत्पन्न धरली. त्याचे म्हणणे असे की अमेरिकी नागरिकाला एका बैठकीतले जिंकणे-हरणे एकत्र करून बैठकीचा निव्वळ आकडा दाखवायची मुभा आहे, मग मला का नाही? २०१३ मध्ये वॉशिंग्टन डी.सी.च्या अपील न्यायालयाने त्याची बाजू उचलून धरली. निकालपत्र ब्रेट कॅव्हनॉ यांनी लिहिले. हेच पुढे सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले.

बाबांच्या उदाहरणात याचा अर्थ काय? जॅकपॉटआधी ९० डॉलर गेले होते. २,१०० हातात आल्यावर ते उठले नाहीत. त्याच संध्याकाळी तिथल्याच यंत्रांवर आणखी १,२०० गमावले. बैठकीचा निव्वळ नफा ३,००० वजा १,२९०, म्हणजे १,७१० डॉलर. त्यावर ३० टक्के ५१३. कापले गेले होते ९००. म्हणजे ३८७ डॉलर परत मागता येतील.

या निकालाच्या मर्यादा दोन. पहिली, बेरीज बैठकीपुरतीच. बाबा रविवारी पुन्हा गेले आणि २,००० हरले, तर ते शनिवारच्या नफ्यातून वजा होणार नाहीत. दुसरी, कॅसिनो कर कापतो तो जॅकपॉट लागताक्षणी, बैठक संपायच्या आधी. त्यामुळे कपात पूर्ण रकमेवरच होते आणि फरक परत मिळवायला १०४०-एनआर हे विवरणपत्र भरावे लागते. त्यासाठी करदाता क्रमांक लागतो आणि तो नसेल तर डब्ल्यू-७ अर्ज आला. हरल्याचा पुरावाही लागतो : कॅसिनोचे सभासद-कार्ड यंत्रात घालून खेळले असेल तर हिशेबाचा उतारा मिळतो, नसेल तर वेळ आणि यंत्र क्रमांकासह लिहिलेली वही. सुट्टीवर आलेला माणूस वही ठेवत नाही. परतावा मिळवून देणाऱ्या कंपन्या यावरच चालतात आणि त्यांचे कमिशन परताव्यातूनच जाते. हक्क न्यायालयाने दिला, तो वापरण्याचा खर्च मात्र पाहुण्याच्याच गळ्यात राहिला.

७. पासपोर्टापेक्षा करार मोठा

आता त्याच यंत्रावर चार देशांतले रहिवासी बसवू. प्रत्येकाला ३,००० डॉलर लागले. ब्रिटनचा रहिवासी कराराचा आधार घेऊन शून्य कर भरतो. माल्टाचा रहिवासी १० टक्के, म्हणजे ३०० डॉलर भरतो. कॅनडाच्या रहिवाशाचे ९०० आधी कापले जातात, पण त्याच्या देशाच्या करारात हरलेली रक्कम वजा करण्याची खास तरतूद असल्याने त्याला वर्षभरातल्या अमेरिकेतील हरण्याचा हिशेब देऊन परतावा मागता येतो. भारताचा रहिवासी ९०० भरतो.

हा फरक येतो दुहेरी करआकारणी टाळण्याच्या करारांतून. या करारांत पगार, व्याज, लाभांश अशी उत्पन्ने एकेका अनुच्छेदात वाटलेली असतात. कोणत्याच अनुच्छेदात न बसणारे ‘अन्य उत्पन्न’ म्हणून शेवटी येते आणि जुगाराची कमाई त्यात पडते. श्रीमंत देशांच्या संघटनेच्या, म्हणजे ओईसीडीच्या नमुना करारात अन्य उत्पन्नावर फक्त निवासाच्या देशाचा हक्क असतो. संयुक्त राष्ट्रांच्या नमुन्यात उत्पन्न जिथे उगवले त्या देशालाही हक्क असतो. परदेशी भांडवल जिथे येते त्या देशांना दुसरा नमुना सोयीचा, आणि भारताने वाटाघाटींत बहुतेक वेळा त्याचाच आग्रह धरला. १२ सप्टेंबर १९८९ रोजी नवी दिल्लीत झालेल्या भारत-अमेरिका करारातील २३ वा अनुच्छेद हेच सांगतो : ज्या देशात असे उत्पन्न उगवेल, त्यालाही त्यावर कर लावता येईल.

अमेरिकी कंपन्यांच्या भारतातल्या उत्पन्नावरचा आपला हक्क सुटू नये म्हणून बांधलेल्या या दोरीचे दुसरे टोक बाबांच्या जॅकपॉटला बांधलेले आहे. ब्रिटिश माणूस मात्र अमेरिकेत कराराने सुटतो आणि मायदेशी कर नसल्यामुळे तिथेही सुटतो. दुहेरी कर टाळण्यासाठी केलेल्या करारातून एकेरी करही टळतो, हा त्यातला गमतीचा भाग.

८. आपल्याकडे पाहुणा : मांडवीच्या पाण्यावर

आता उलट बाजू. भारतात कायदेशीर कॅसिनो थोडेच : गोव्यात आणि सिक्कीममध्ये. गोव्याने १९७६ च्या सार्वजनिक जुगार कायद्यात १९९२ मध्ये दुरुस्ती करून पंचतारांकित हॉटेलांत स्लॉट मशिनना वाट दिली आणि पुढे जहाजांवर टेबलाचे खेळ आले. पणजीला मांडवीत रात्रभर उजळलेली जहाजे ती हीच. महाराष्ट्रानेही १९७६ मध्ये कॅसिनो कायदा केला होता, पण तो कधी अमलातच आला नाही आणि २०२३ मध्ये रद्द झाला.

अनपेक्षित, पुन्हा न येणारी प्राप्ती भारतात पूर्वी करमुक्त मानली जाई. १९७२ पासून लॉटरी, शर्यती, पत्ते आणि जुगारातली कमाई उत्पन्नाच्या व्याख्येत आली. पुढे कलम ११५बीबी आले. आज दर सपाट ३० टक्के आहे. त्यावर ४ टक्के उपकर, म्हणजे ३१.२ टक्के; रक्कम मोठी असेल तर अधिभार वेगळा. किमान करमुक्त मर्यादेचा लाभ नाही, खर्चाची वजावट नाही, हरलेल्याची वजाबाकी नाही. १०,००० रुपयांवरच्या बक्षिसातून पैसे देतानाच कर कापायचा. बक्षीस मोटारगाडीच्या रूपात असेल तर कर भरल्याची खात्री झाल्याशिवाय किल्ली द्यायची नाही. १ एप्रिल २०२६ पासून आयकर कायदा, २०२५ लागू झाल्याने कलमांचे क्रमांक बदलले. तत्त्व तेच राहिले.

निवासी आणि पाहुणा असा भेद इथे जवळजवळ नाही. लंडनहून आलेला पर्यटक आणि लातूरहून आलेला व्यापारी दोघेही ठोक रकमेवरच कर देतात. अमेरिका पाहुण्यावर जेवढा अविश्वास दाखवते तेवढा आपला कायदा सगळ्यांवरच दाखवतो, असे म्हणता येईल. त्यामागे वसुलीच्या सोयीइतकीच नैतिक नापसंतीही आहे : जुगारात हरलेल्याला सरकारने करातून हातभार का लावावा? भारताने केलेल्या अनेक करारांत लॉटरी, कोडी, शर्यती आणि जुगाराच्या कमाईचा हक्क उगमाच्या देशाकडे ठेवल्याचे शब्दशः लिहिलेले आढळते. पाहुण्याला आणखी एक कुंपण लागते ते परकीय चलनाचे. लॉटरीत जिंकलेली रक्कम भारताबाहेर पाठवायला २००० सालच्या चालू खाते नियमांनी मनाई केली आहे. परदेशी लॉटरीच्या तिकिटासाठी भारतातून पैसे पाठवायलाही मनाई आहे.

याखेरीज पैजेवर जीएसटी आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून कॅसिनोसाठी त्याचा दर २८ वरून ४० टक्क्यांवर गेला. हा कर जिंकण्याची वाटच पाहत नाही; तो चिप्स विकत घेतानाच लागतो. वसुलीच्या सोयीची ही परमावधी म्हणावी. आयकराला यंत्र थांबण्याची तरी गरज असते.

९. घरी परतल्यावर

बाबा पुण्याला परततात. ते भारताचे निवासी असल्याने जगभरातले उत्पन्न इथे दाखवणे भाग आहे. ३,००० डॉलरवर भारतीय कर ३१.२ टक्के, म्हणजे ९३६ डॉलरइतका. अमेरिकेत भरलेल्या ९०० चे श्रेय मिळते. त्यासाठी १९६१ च्या कायद्याखाली फॉर्म ६७ भरावा लागे. उरले ३६ डॉलर. इथवर ठीक.

आता सहाव्या भागातला परतावा आठवा. समजा, बाबांनी चिकाटीने विवरणपत्र भरले, बैठकीचा हिशेब मांडला आणि ३८७ डॉलर परत मिळवले. अमेरिकेतला त्यांचा अंतिम कर झाला ५१३. पण श्रेय मिळते ते प्रत्यक्ष भरलेल्या कराचे. भारतात वजावट नाही, तेव्हा जिंकलेली रक्कम ३,०००च धरली तर कर ९३६ आणि श्रेय ५१३. उरलेले ४२३ इथे भरायचे. आधी ३६ भरायचे होते, आता ४२३. फरक बरोबर ३८७. अमेरिकी न्यायालयाने दिलेला दिलासा पुण्याच्या आयकर खात्यात जमा झाला. कंपनीचे कमिशन तेवढे बाबांच्या खिशातून गेले.

भाचीचे तसे नाही. वर्षभर अमेरिकेत असल्याने ती भारताचीही अनिवासी आहे. अमेरिकेतल्या जॅकपॉटशी भारताचा संबंध नाही. तिला मिळालेला परतावा तिच्याच हातात राहतो. व्हिसा, दिवसांची संख्या आणि जुगाराकडे पाहण्याची मायदेशाची दृष्टी या तीन गोष्टींवर शेवटचा आकडा ठरतो. त्या दिवशी किती जिंकले आणि किती हरले, हे त्यात चौथ्या क्रमांकावर येते.

१०. दोन आक्षेप आणि एक अंदाज

पहिला आक्षेप : जुगार हे कष्टाचे उत्पन्न नाही, मग ठोक कर लागला तर रडायचे कशाला? हा आक्षेप कॅसिनोला लावला जात नाही. नेवाडात कॅसिनोवरचा राज्याचा जुगार-कर मोठ्या उत्पन्नावर ६.७५ टक्के आहे आणि तो खेळाडूंना दिलेले पैसे वजा करून उरलेल्या रकमेवर आहे. म्हणजे टेबलाच्या एका बाजूला बसणाऱ्याला निव्वळ हिशेब, दुसऱ्या बाजूला बसणाऱ्याला ठोक. नैतिकता दोघांना सारखी लावायला हवी.

दुसरा आक्षेप : पाहुण्याचे हरणे तपासता येत नाही. १९८८ मध्ये हे खरे होते. आज सभासद-कार्ड यंत्राच्या प्रत्येक बटणाची नोंद ठेवते, रोकडरहित खेळ वाढतो आहे आणि अनेक कॅसिनोंतल्या चिप्समध्ये रेडिओलहरींनी ओळखता येणाऱ्या चकत्या बसवलेल्या असतात. कोणत्या चिप्स कोणासमोर होत्या आणि कुठे गेल्या, हे टेबल स्वतःच सांगू लागले आहे.

यातून पुढचा अंदाज बांधता येतो. पाच खेळांची सूट ‘वसुली शक्य नाही’ एवढ्याच आधारावर उभी आहे आणि तो आधार तंत्रज्ञान रोज थोडा थोडा पोखरते आहे. उद्या एखाद्या अर्थमंत्र्याने नियम काढून ब्लॅकजॅकच्या टेबलावर कर आणला तर कायद्याचे शब्द त्याच्या बाजूने असतील. पण जी चकती पाहुण्याचे जिंकणे दाखवते, तीच त्याचे हरणेही तितक्याच खणखणीतपणे दाखवते. ते दिसत नाही म्हणून मोजत नाही, ही सबब त्याच दिवशी संपेल. मग सरकारला दोनच वाटा उरतील : दोन्ही बाजू मोजून फरकावर कर घेणे, किंवा दिसत असूनही एकच बाजू मोजतो असे कायद्यात स्पष्ट लिहिणे. भारताने जवळपास तसे लिहिलेलेच आहे. अमेरिकेने अजून लिहिलेले नाही. तोवर बाबांनी कार्ड यंत्रात घालूनच खेळावे आणि उतारा जपून ठेवावा.